वाहनातील घुमारा आणि संगणकाचे गणित

जीपमधून दौऱ्यावर जाणाऱ्यांच्या एक गोष्ट ध्यानी आलीच असेल. गाडी ठराविक वेगास पोचली म्हणजे आतील सारी जागा घुमू लागते. वेग थोडा वाढविला की घुमारा ओसरतो. आपण मुक्कामी उतरतो, चालक मात्र वर्षानुवर्षे त्याच आसनावर असतो. कारखान्यांतील कामगारांसाठी नियमांनी आठ तासांस ९० डेसिबल ही मर्यादा घातली आहे. मोठा आवाज दीर्घकाळ कानी पडत राहिल्यास अंतःकर्णातील केशपेशी नष्ट होतात व त्या पुन्हा उत्पन्न होत नाहीत.

या घुमाऱ्याचे मूळ गणित शाळेतील विद्यार्थ्यालाही सुटेल. गाडीतील कोंडलेली हवा बासरीतील हवेप्रमाणे स्वतःच्या ठरलेल्या गतीने कंप पावते. आतील लांबी २ मीटर धरली आणि ध्वनीचा दर सेकंदास ३४० मीटर हा वेग तिच्या दुपटीने भागला, तर सेकंदास ८५ कंपने येतात. चार सिलिंडरच्या चार-स्ट्रोक इंजिनात दर फेऱ्यास दोन ज्वलने होतात. म्हणजे इंजिन मिनिटास २,५५० फेरे घेऊ लागले की सेकंदास ८५ धक्के बसतात. दोन्ही संख्या जुळल्या की अनुनाद होतो! अशा वेळी हवेचा दाब दोन्ही टोकांस सर्वाधिक व मध्यभागी अत्यल्प बदलतो. म्हणजे त्रास पुढे बसणाऱ्यास आणि अगदी मागे बसणाऱ्यास अधिक.

प्रत्यक्षात गाडी काही चौकोनी पेटी नव्हे. आसने, वाकलेले छत, थरथरणारे पत्रे हे सारे हिशेबात घ्यावे लागते. येथे संगणक उपयोगी पडतो. ‘फायनाइट एलिमेंट’ पद्धतीत आतील हवा व पत्रे यांचे लहान लहान तुकडे कल्पून प्रत्येकाचे समीकरण मांडतात आणि सर्व समीकरणे एकत्र सोडवितात. अमेरिकेतील जनरल मोटर्सच्या नेफ्सके, वुल्फ व हॉवेल या संशोधकांनी १९८२ मध्येच या तंत्राचा आढावा प्रसिद्ध केला होता. गाडी तयार होण्यापूर्वीच कोणता पत्रा आवाज करील हे त्यातून कळते. मग तेथे पट्टी जोडावी की पत्र्याचा आकार बदलावा, हे कागदावरच ठरविता येते.

या पद्धतीस मर्यादा आहे. एका ध्वनिलहरीत निदान सहा तुकडे बसावे लागतात. सेकंदास १,००० कंपनांची लहर ३४ सेंटिमीटरची. म्हणजे तुकडा सहा सेंटिमीटरहूनही लहान हवा. कंपने वाढतात तसे तुकडे बेसुमार वाढतात. म्हणून उच्च स्वरांसाठी १९६० नंतरच्या दशकात रिचर्ड लायन आदींनी विकसित केलेली सांख्यिकी ऊर्जापद्धती वापरतात. तीत प्रत्येक बिंदूचा दाब न काढता काच, छत, हवा यांच्यात ऊर्जा किती वाहते याचा सरासरी हिशेब ठेवतात. (गावचा नकाशा न काढता बाजाराची उलाढाल मोजावी, तसे हे आहे, असे कला शाखेच्या या पदवीधरास वाटते.)

प्रतिमान कितीही सूक्ष्म असले तरी रबरी पट्ट्या, गाद्या यांचे ध्वनिशोषण प्रयोगशाळेत मोजूनच त्यात घालावे लागते. पुण्यात १९६६ साली स्थापन झालेल्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया या संस्थेत वाहनांच्या ध्वनीचे व कंपनांचे मोजमाप होते.

छिद्रांचा हिशेब तर फारच बोलका आहे. इंजिन व चालक यांमधील पडदी ४० डेसिबल आवाज अडवीत असली, तरी तिच्या क्षेत्राचा शंभरावा भाग उघडा राहिला की हे संरक्षण जेमतेम २० डेसिबलवर येते. पेडल, दांडा व तारा यांसाठी पाडलेल्या भोकांवरील रबरी टोपण फाटले असेल, तर जाड गालिचा अंथरूनही आवाज आत येतच राहतो.