बारसाठी व्होडका घेताना

चि. बाळू,

पणजीच्या हॉटेलात बारची खरेदी तुझ्याकडे आल्याचं ताईनं कळवलं. फार आनंद झाला. व्होडकाचं तू विचारलंस ते आधी लिहितो, कारण नवख्या माणसाचे पैसे तिथेच वाया जातात.

व्होडका म्हणजे ९६ टक्क्यांच्या आसपास शुद्ध केलेलं स्पिरिट आणि पाणी. माझं आयुष्य आसवनीत गेलं, म्हणून सांगतो: स्पिरिट एकदा तिथवर पोचलं की लेबलवरच्या ‘पाच वेळा डिस्टिल्ड’ला फारसा अर्थ उरत नाही. ते कशापासून काढलं, हे विचार. आपल्या साखरपट्ट्यात मळी मुबलक, म्हणून स्वस्त बाटलीत बहुधा मळीचंच स्पिरिट असतं. युरोपात धान्य किंवा बटाट्याव्यतिरिक्त दुसऱ्या कशाची व्होडका असेल, तर ते लेबलवर छापावंच लागतं. तू इथल्या बाटलीवर ‘ग्रेन’ हा शब्द शोध.

परीक्षा मात्र नाकानं करायची. विक्रेता बर्फगार पेग पुढे करील. तो घेऊ नकोस, गारठ्यात सगळे दोष लपतात. बाटली खोलीच्या तापमानाला येऊ दे. निमुळत्या तोंडाच्या ग्लासात व्होडका आणि तेवढंच साधं पाणी घाल आणि हुंग. नेलपॉलिश किंवा ओल्या पुठ्ठ्यासारखा वास आला तर ती बाटली परत. नुसता घोट घेतल्यावर जळजळ घशात किती वेळ रेंगाळते तेही बघ. दोन थेंब तळहातावर चोळ. सुकल्यावर हात चिकट लागला तर कडकपणा झाकायला साखर किंवा ग्लिसरीन घातलंय असं समज.

आता किमती. सर्वांत स्वस्त थरातून पुढच्या थरात जाताना फरक खरा असतो, तिथे हात आखडू नकोस. रस किंवा सोडा घालून द्यायच्या पेयांना मॅजिक मोमेंट्ससारखी धान्याची देशी व्होडका पुरते. मार्टिनीसाठी वरची घे, पण चवीसाठी घे: स्वीडनच्या ओहूसमधली अ‍ॅबसोल्यूट गव्हाची, मऊ; पोलंडची बेल्वेडेअर राय धान्याची, मिरीसारखी झणझणीत; शोपँ बटाट्याची, जिभेवर दाट. आयात मालाच्या किमतीवरून दर्जा ठरवू नकोस. विबोरोवा पोलंडमध्ये रोजच्या वापरातली आहे, इथे येईतो कर चढून ती श्रीमंती वाटते. मार्टिनीच्या या बाटल्यांहून वरच्या किमतीत बहुतेक पैसे काचेचे आणि जाहिरातीचे. मालकांनी शोभेसाठी मागितलीच तर एखादीच ठेव.

एक राहिलं. महागड्या रिकाम्या बाटल्या भंगारात विकू देऊ नकोस, त्या पुन्हा भरल्या जातात. स्वतःसमोर फोडून घे, आणि माल उतरवताना प्रत्येक झाकणाचं सील हातानं तपास.

तुझा मामा