थ्राइव्ह म्हणजे धरणे

मागच्या पावसाळ्यात ताई बाळंतपणासाठी कमलनगरला आली होती. बाळ तीन महिन्यांचं झालं तरी वजन काही वाढेना. दवाखान्याच्या कागदावर इंग्रजीत तीन शब्द होते : ‘फेल्युअर टू थ्राइव्ह’. घरात इंग्रजी वाचणारा मीच. ‘फेल्युअर’ ऐकताच ताईचा चेहरा उतरला. आपल्याकडे फेल म्हणजे नापास, आणि इथं नापास कोण, तर आई, असंच तिला वाटलं.

आजी मात्र आठ दिवस आधीपासून म्हणत होती, “लेकरू बाळसं धरंना गेलंय.”

त्या रात्री मी ‘थ्राइव्ह’चं मूळ शोधलं. हा शब्द मुळात इंग्रजांचा नाही. नवव्या शतकापासून डेन्मार्क-नॉर्वेकडचे लोक इंग्लंडच्या उत्तर-पूर्व भागात वस्ती करून राहिले, त्यांच्या जुन्या नॉर्स भाषेतून तो आला. आपल्या सीमाभागात मराठीत कन्नड अन् उर्दू मिसळली, तसंच म्हणा ना. इंग्रजी लिखाणात तो साधारण इ.स. १२०० पासून दिसतो. नॉर्समध्ये ‘थ्रीफा’ म्हणजे पकडणे, धरणे. त्याला ‘स्वतः’ या अर्थाचा प्रत्यय लागून ‘थ्रीफास्क’ झालं : स्वतःसाठी धरणे, म्हणून वाढणे. ‘थ्रिफ्ट’ हा त्याचाच भाऊ. आज त्याचा अर्थ काटकसर; पूर्वी होता भरभराट. (काटकसरीनं भरभराट होते की नाही, हे वसतिगृहातल्यांना विचारा!)

मी थबकलो ते ‘धरणे’पाशी. रोप मूळ धरतं, झाड फळ धरतं, पीक जोम धरतं, लेकरू बाळसं धरतं. नॉर्सचा आणि आपला इथं काही संबंध नाही. ‘धरणे’ संस्कृत ‘धृ’ पासून आलेलं. पण वाढणाऱ्या जिवाकडे बघून दोन्हीकडच्या माणसांना एकच क्रिया सुचली.

सकाळी ताईला सांगितलं, “हे रोगाचं नाव नाही अन् तुझा निकाल तर नाहीच. वयाच्या मानानं वजन वाढत नाही, कारण शोधायचंय, एवढाच अर्थ. आजी म्हणते तेच.”

“मग तसंच लिहायचं की रे,” ताई म्हणाली, आणि बाळाला घेऊन पुन्हा तपासणीला निघाली. दूध पाजण्याची पद्धत बदलली, दर आठवड्याला वजन होऊ लागलं. हळूहळू मनगटाला वळी पडली.

माझ्या वहीत ‘थ्राइव्ह’पुढे ‘भरभराट होणे’ लिहिलेलं होतं. दुकानाला ते ठीक आहे. खाली मी ‘बाळसं धरणे’ लिहून ठेवलं.