‘नंदुरबार’ शोधलं तर नंदुरबारच का सापडत नाही?

प्रश्न : आमची संस्था अक्कलकुवा आणि धडगाव भागातल्या वनहक्क दाव्यांच्या नोंदी ठेवते. त्यासाठी दहा-बारा वर्षांपूर्वी एका ओळखीच्या मुलानं जँगोमध्ये वेब ॲप्लिकेशन करून दिलं. डेटाबेस मायएसक्यूएलचा आहे. त्यातला शोध फार हळू चालतो. ‘तळोदा’ लिहिलं तर ‘तळोद्याच्या प्रांत कार्यालयात अर्ज दिला’ अशी नोंद येत नाही. मध्यंतरी एकानं फुलटेक्स्ट इंडेक्स लावला, तर ‘नंदुरबार’ला एकही नोंद आली नाही. हा शब्द तर प्रत्येक नोंदीत आहे! असं का होतं? आणि सगळं नव्यानं न लिहिता नीट शोध कसा जोडायचा?
— एक वाचक, तळोदा

उत्तर : शब्द प्रत्येक नोंदीत आहे, हेच तो न सापडण्याचं कारण असू शकतं. मायएसक्यूएलच्या जुन्या टेबलांचा प्रकार अनेकदा मायआयसॅम असतो. त्यातल्या फुलटेक्स्ट शोधाच्या साध्या पद्धतीत एक नियम आहे : जो शब्द निम्म्या किंवा त्याहून जास्त नोंदींमध्ये असतो, तो निरुपयोगी समजून सोडून दिला जातो. इंग्रजी लेखांच्या साठ्यात ते ठीक होतं. एका जिल्ह्याच्या नोंदवहीत मात्र जिल्ह्याचंच नाव गळतं.

पण दुसरा संशयितही आहे, आणि तो जास्त त्रासदायक आहे. मजकुराचे शब्द पाडणारी कित्येक साधनं मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार यांना अक्षर मानत नाहीत. त्यांच्या लेखी तिथं शब्द संपतो. पायथनमध्ये शब्द ओळखण्याचा नेहमीचा पॅटर्न ‘नंदुरबार’वर चालवून पाहा, हाती येतात ते तुकडे असे : न, द, रब, र. जुन्या जँगो प्रकल्पांत हेस्टॅक या शोधाच्या जोडभागाबरोबर वूश नावाचं शोधयंत्र वापरत, त्याची मूळ मांडणी याच पॅटर्नवर आहे. मायआयसॅमबद्दल बोलायचं तर तो मुळात चार अक्षरांहून लहान शब्द इंडेक्समध्ये घेत नाही. म्हणजे शब्द असा तुटला की सगळेच तुकडे बाद.

दोघांपैकी दोषी कोण, हे ओळखता येतं. तोच शोध बुलियन पद्धतीनं करून पाहा. निम्म्या नोंदींचा नियम तिथं लागू नसतो. नोंदी आल्या तर दोष त्या नियमाचा. तरीही आल्या नाहीत तर शब्द तुटतोय किंवा लांबीच्या अटीत अडकतोय. तुमच्या माणसानं जँगोचा जुना ‘सर्च’ लुकअप वापरला असेल तर तो बुलियन पद्धतीनंच विचारत असे, तेव्हा संशय थेट दुसऱ्यावर घ्या. हा लुकअप फक्त मायएसक्यूएलसाठी होता आणि जँगो २.० मध्ये काढून टाकला गेला. पुढेमागे जँगो अद्ययावत करायचं ठरवलं तर हे ध्यानात असू द्या.

आता हळूपणाचं. सध्याचा तुमचा शोध बहुधा ‘लाइक’ क्वेरीनं दोन्ही बाजूंना टक्क्याचं चिन्ह लावून चालतो. सुरुवात माहीत नसल्यामुळे डेटाबेसला साधा इंडेक्स वापरता येत नाही. प्रत्येक नोंद उघडून पहिल्या अक्षरापासून वाचावी लागते. फुलटेक्स्ट इंडेक्स हे काम उलटं करतो. पुस्तकाच्या शेवटी शब्दसूची असते, तसा तो प्रत्येक शब्दापुढे तो कोणकोणत्या नोंदींत आहे ते आधीच लिहून ठेवतो. शोधताना नोंदी चाळायच्याच नाहीत, सूचीतली एक ओळ काढायची.

पण ही सूची शब्द जसाच्या तसा धरते, आणि मराठी शब्द जसाच्या तसा राहत नाही. तुमच्या जिल्ह्याचे सहा तालुकेच घ्या. नंदुरबारला, नंदुरबारहून इथं मूळ शब्द शाबूत आहे. पण तळोद्यात, शहाद्याला, अक्कलकुव्याचा यांत शेवटचा आकार जाऊन जोडाक्षर आलं. नवापुरात गेल्यावर ‘पू’चा ‘पु’ झाला. अक्राणी तालुक्याचं मुख्य ठिकाण धडगाव, त्यामुळे कुणी अक्राणी लिहितं, कुणी धडगाव. मणिबेली गावाचं मणीबेलीही होतं. अर्ज लिहिणारा माणूस घरी भिली, पावरी किंवा अहिराणी बोलतो आणि गावपाड्याचं नाव कानाला येतं तसं लिहितो. ती चूक नाही. तोच त्या गावाचा खरा उच्चार असू शकतो. शोधानं त्याच्यापर्यंत पोचलं पाहिजे.

यात तयार मदत कितपत मिळते? पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेसमध्ये फुलटेक्स्ट शोध २००८ च्या ८.३ आवृत्तीपासून अंगभूत आहे. ओलेग बार्तुनोव आणि तिओदोर सिगाएव यांनी तो आधी वेगळा जोडभाग म्हणून वाढवला होता. शब्दाचं मूळ रूप काढणारे नियम त्याच्यासोबत येतात. १२ व्या आवृत्तीत नेपाळी आणि तमिळ आले, १४ व्या आवृत्तीत हिंदी आली. मराठी त्या यादीत नाही. हिंदीचे नियम मराठीला लावण्याचा मोह टाळा. आपली सामान्यरूपं त्यांना ठाऊक नाहीत. तेव्हा हे काम आपल्यालाच करावं लागतं, आणि एका जिल्ह्यापुरतं ते आवाक्यातलं आहे.

माझा सल्ला असा. नोंदीच्या मॉडेलमध्ये ‘शोधमजकूर’ नावाचं एक नवं फील्ड घाला. मूळ मजकुराला हात लावू नका. नाव, गाव, तालुका, शेरा, ग्रामसभेचा ठराव असा सगळा मजकूर एका फंक्शनमधून काढा आणि त्याची शोधण्याजोगी रूपं या फील्डमध्ये ठेवा. वापरणारा जे टाइप करतो तेही नेमक्या त्याच फंक्शनमधून गेलं पाहिजे. एका बाजूला नियम बदलला आणि दुसरीकडे राहून गेला की शोध गुपचूप फसतो, चूक दाखवणारा कुठलाही संदेश येत नाही.

फंक्शनचं पहिलं काम अक्षरं एकसारखी करण्याचं. ‘ॲ’ हे स्वतंत्र अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं. त्याआधीचे लोक ‘अ’वर चंद्र देत. पडद्यावर दोन्ही सारखे दिसतात, पण युनिकोडचं प्रमाणीकरण त्यांना एक करत नाही. ‘कुऱ्हाड’मधला र सुद्धा दोन तऱ्हांनी टाइप होतो, त्यातल्या एकीत अदृश्य जोडचिन्ह असतं. हे स्वतः बदलून घ्यावं लागतं. मग सगळ्या ऱ्हस्व-दीर्घाचं एकच रूप करा. त्यानं ‘दिन’ आणि ‘दीन’ एक होतील, पण नोंदवहीच्या शोधात ते चालेल.

त्यानंतर प्रत्यय. ला, ना, ने, हून, चा-ची-चे-च्या, साठी, पर्यंत काढता येतात. ‘त’ काढताना जपा, नाहीतर भात, शेत, हात सगळे अर्धे होतील. म्हणून कापलेल्या रूपाबरोबर मूळ शब्दही ठेवा. गावांसाठी मात्र नियमांवर विसंबू नका. गावांची यादी मर्यादित असते. ती घेऊन बसा आणि प्रत्येक गावापुढे त्याची लिहिली जाणारी सगळी रूपं हातानं लिहा. धडगाव आणि अक्राणी इथंच एकमेकांशी जोडले जातील. कार्यकर्त्यांबरोबर दोन दुपारी बसलात तर कुठल्याही महागड्या शोधयंत्रापेक्षा जास्त फायदा या यादीचा होईल, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

शेवटी या फील्डमध्ये शब्द देवनागरीत न ठेवता त्यांची रोमन अक्षरांतली साधी रूपं ठेवा. मात्रांपाशी शब्द तुटण्याचा प्रश्न मिटतो, कारण तिथं मात्राच नसतात. शिवाय मोबाइलवर रोमन अक्षरांत ‘शहादा’ टाइप करणाऱ्यालाही तीच नोंद मिळते.

फील्ड भरायचं कधी? मॉडेलच्या ‘सेव्ह’मध्ये भरणं सोपं असतं, पण जँगोतली सामूहिक ‘अपडेट’ आणि ‘बल्क क्रिएट’ ही कामं ‘सेव्ह’ला बोलावतच नाहीत. एक्सेलमधून शंभर दावे एकदम चढवले की ते शोधात दिसत नाहीत. अशा प्रत्येक जागी फील्ड भरण्याची सोय करा, आणि सगळी फील्डं पुन्हा भरणारी एक कमांड लिहून ती रोज रात्री चालवा. ठराव वेगळ्या मॉडेलमध्ये असेल तर ठराव बदलल्यावर दाव्याचं फील्डही बदलायला हवं. हे हमखास राहून जातं.

डेटाबेस बदलण्याची सक्ती नाही. मायएसक्यूएल ५.६ पासून इनोडीबी या दुसऱ्या प्रकारच्या टेबलांनाही फुलटेक्स्ट इंडेक्स लावता येतो आणि तिथं निम्म्या नोंदींचा नियम नाही. फक्त किमान लांबी तीनची दोन करा आणि इंडेक्स नव्यानं बांधा. इलास्टिकसर्चसारखा वेगळा सर्व्हर तुमच्या आकाराच्या कामाला नको. दोन ठिकाणचा डेटा जुळवत ठेवायला रोजचा माणूस लागतो, आणि लहान संस्थेत नेमका तोच नसतो. जुन्या नोंदी श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या असतील तर आधी त्या युनिकोडमध्ये आणा; त्यात देवनागरी दिसते, साठवलेली नसते.

निकालांच्या क्रमाविषयीही एक गोष्ट. दुर्मिळ शब्दाला जास्त वजन द्यावं, ही कल्पना केंब्रिजच्या कॅरन स्पार्क जोन्स यांनी १९७२ साली मांडली. तुमच्याकडे पाडवी, वसावे, वळवी, पावरा ही आडनावं इतकी आहेत की आडनावावरून माणूस ओळखता येत नाही. पाड्याच्या नावानं येतो. क्रम यंत्रावर सोडण्यापेक्षा निकाल गावानुसार, मग पाड्यानुसार मांडा आणि वडिलांचं नाव शेजारी दाखवा.

वनहक्क कायदा २००६ चा आहे, आणि दाव्याची सुरुवात ग्रामसभेपासून होते. कित्येक वर्षांनंतर अपील करायची वेळ येते तेव्हा तो जुना ठराव, ती पोच सापडणं याला फार मोल असतं. शोधात नोंद आली नाही की समोरच्याला ‘तुमचा अर्जच नाही’ असं सांगितलं जातं. म्हणून नवा शोध सुरू करण्याआधी कार्यालयात लोक प्रत्यक्ष काय विचारतात ते लिहून काढा, प्रत्येकापुढे कोणती नोंद यायला हवी तेही लिहा, आणि तीच यादी जुन्या व नव्या शोधावर चालवा. सहाही तालुके सगळ्या विभक्तींत त्यात असू द्यात.

आणि शोधमजकुरात आधार क्रमांक, मोबाइल क्रमांक घालू नका. देशातला पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० ला तुमच्याच जिल्ह्यातल्या टेंभली गावात दिला गेला. तिथल्या माणसांचे क्रमांक एका शब्दावर कुणाच्याही पडद्यावर येता कामा नयेत. ज्याला जी गावं पाहायची परवानगी आहे, तेवढ्याच गावांत त्याचा शोध चालवा. ही अट पडद्यावर निकाल लपवून भागवू नका, थेट क्वेरीत घाला.