सासूबाईंना बसवून गाडी बघ

पोरी, काल फोनवर तू ब्रेझा, नेक्सॉन, थ्रीएक्सओ, कायलाक अशी गाड्यांची नावं सांगितलीस, रंग सांगितलास, हप्ता किती बसेल तेही सांगितलंस. सासूबाईंनी गाडीत बसून बघितलं का, असं विचारलं तर गप्प झालीस. म्हणून हे लिहून देतोय. जावईबापूंनाही वाचायला दे.

मी ३४ वर्षं त्र्यंबकात टुरिस्ट गाडी चालवली. आधी जीप, मग ट्रॅक्स, मग सुमो, शेवटी बोलेरो. नारायण नागबळीला आलेली कुटुंबं नाशिकरोडहून आणायची आणि तीन दिवसांनी परत सोडायची. माणूस गाडीत चढताना कुठे अडतो, कुणाला मागे मळमळतं, कुणाचा पाय आखडतो, हे आरशातून बघत आलो. घरची गाडी घेताना तेच पहिलं बघायचं असतं.

सासूबाईंचे गुडघे दुखतात. गाडी दाखवायला नेशील तेव्हा त्यांना मागच्या दाराशी उभं कर आणि हात देऊ नकोस, नुसतं बघ. सीट त्यांच्या कमरेच्या थोडी खाली असेल तर त्या पाठमोऱ्या टेकतील आणि पाय उचलून आत वळतील. हॅचबॅकमध्ये त्या खाली खचतात, उतरताना दोन्ही हातांनी दार धरतात. बोलेरोत उलटं, पायरीवर चढून वर ओढून घ्यावं लागतं. तू सांगितलेल्या चार मीटरच्या छोट्या एसयूव्हींची उंची दोन्हींच्या मधली आहे. म्हातारं माणूस असलेल्या घराला त्या सोयीच्या पडतात त्या यामुळेच. दाराखालचा उंबराही बघ. आपल्याकडे जूनपासून सप्टेंबरपर्यंत तो कायम चिखलाने माखलेला असतो. दार खालपर्यंत येऊन उंबरा झाकत नसेल तर प्रत्येक वेळी साडीचा काठ त्याला पुसला जाणार.

मग मागे तिघांना बसव, सासूबाई आणि दोन्ही पोरं. मधल्या जागेला खांद्यावरून येणारा पट्टा आहे का, डोक्यामागे उशी आहे का, ते बघ. खालच्या व्हेरिएंटमध्ये काही ठिकाणी मधल्याची उशी गाळलेली असते. पोरं आज लहान आहेत, पण गाडी दहा वर्षं वापरायची आहे. डिकीचा आकडा कागदावर वाचू नकोस. ब्रेझाला ३२८ लिटर, नेक्सॉनला ३८२, कायलाकला ४४६ लिहिलेलं असतं, पण तांदळाचं पोतं आणि पोरांची सायकल लिटरमध्ये मोजता येत नाही. दोन बॅगा घरून घेऊन जा आणि ठेवून बघ.

आता रस्ता. शोरूमवाले तुला नाशिकच्या सपाट रस्त्यावर दोन किलोमीटर फिरवून आणतील. तिथे प्रत्येक गाडी लोण्यासारखी चालते. सातपूरला जाणं-येणं धरून तुझं रोजचं फिरणं साठेक किलोमीटर होतं, तेही बरंचसं सरळ रस्त्याने. पण महिन्यातून एकदा तुम्ही मोखाड्याला शेतावर जाता, तेव्हा वाटेत तोरंगण घाट आहे. म्हणून गाडी त्या घाटात बघायची. पाच माणसं, एसी चालू, मागे सामान. वळणाच्या अलीकडे चढावर थांबायचं, मागून ट्रक आलाय असं समजायचं आणि पुन्हा निघायचं. साधं बारा-तेराशे सीसीच्या आतलं पेट्रोल इंजिन इथे धापा टाकतं, फर्स्टमध्येच ओरडत राहतं. टर्बोवालं जोरात ओढतं, पण इंजिनाचे फेरे खाली गेले की तेही क्षणभर निपचित पडतं, आणि हे नेमकं वळणावरच होतं. तुला हा क्षण स्वतःच्या पायाखाली कळायला हवा. दुसऱ्याने चालवलेल्या गाडीत बाजूला बसून तो कळत नाही.

ऑटोमॅटिक घ्यायची असेल तर आतला प्रकार विचार. एएमटी म्हणजे साधाच गिअरबॉक्स, क्लचचं काम यंत्र करतं. स्वस्त पडते, अ‍ॅव्हरेज चांगलं देते, पण चढावर गिअर बदलताना डोलते. चढावर गाडी धरून ठेवणारा हिल होल्ड नसेल तर मागेही सरकते. टॉर्क कन्व्हर्टर महाग आहे, थोडं जास्त पितो, पण घाटात शांत चालतो. रोज वर्दळीत अडकणाऱ्या बाईमाणसाने ऑटोमॅटिक घेऊच नये असं मी म्हणत नाही. घ्यावी, पण हिल होल्डशिवाय नको. आणि उतरताना गाडी कुठलीही असो, सेकंड लावायचा. न्यूट्रलमध्ये पेट्रोल वाचवायला जाऊ नकोस. ब्रेक तापले की जळक्या रबरासारखा वास येतो आणि त्यानंतर पेडल पोकळ लागतं. मला तो वास एकदा आला होता. गाडीत सात माणसं होती. घाट संपल्यावर अर्धा तास मी स्टिअरिंगवरून हात काढला नव्हता.

करांचं एक समजून घे, कारण किमतीत मोठा फरक पडतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या लहान गाड्यांना १८ टक्के जीएसटी आहे, पण पेट्रोल इंजिन १२०० सीसीपर्यंत आणि डिझेल १५०० सीसीपर्यंत असलं तरच. बाकीच्या पेट्रोल-डिझेल गाड्यांना ४० टक्के. ब्रेझा लांबीने चार मीटरच्या आत आहे, पण पेट्रोल इंजिन १४६२ सीसीचं, म्हणून ती ४० मध्ये जाते. ती वाईट आहे असं नाही. ते बिनटर्बोचं चार सिलिंडरचं इंजिन मऊ चालतं. फक्त पैसे कशाचे देतोय हे माहीत असावं. शोरूमच्या किमतीवर आरटीओचा कर, विमा हे सगळं चढतं, तेव्हा ऑन-रोड आकडा लिहून घेतल्याशिवाय घरी यायचं नाही.

इंधनाचं गणित सोपं आहे. महिन्याला दीड हजार किलोमीटर होतात. पंधराचं अ‍ॅव्हरेज धरलं तर शंभर लिटर पेट्रोल. सीएनजीने ते बरंच खाली येतं, पण चढाला ओढ कमी होते आणि टाकी डिकी खाते. नेक्सॉनमध्ये दोन छोट्या टाक्या तळाशी बसवल्यामुळे जागा थोडी वाचते. टाकीची दर तीन वर्षांनी तपासणी सक्तीची आहे, ते विसरू नकोस. डिझेल मात्र घेऊ नकोस. नव्या डिझेल गाड्यांच्या सायलेन्सरमध्ये काजळी धरणारी जाळी असते. ती तापून साफ व्हायला गाडी लांब आणि सलग पळावी लागते. सातपूरच्या सिग्नलला रांगेत उभ्या राहणाऱ्या गाडीची ती जाळी तुंबते. विजेची गाडी तुझ्या साठ किलोमीटरना उत्तम बसली असती. पण तुझी गाडी गल्लीत उभी राहणार, आणि घरातून वायर रस्त्यावर टाकून चार्जिंग करणं मला पसंत नाही.

गल्लीचं निघालं म्हणून सांगतो. टेप घेऊन तिची रुंदी मोज. थ्रीएक्सओ १८२१ मिलीमीटर रुंद आहे, ब्रेझा १७९०, आणि आरसे त्याच्या बाहेर. श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीच्या फेरीला माणसं येतात तेव्हा आपली गल्ली कशी होते ते तू बघतेसच. २०२७ च्या सिंहस्थात तर गाडी गावाबाहेरच ठेवायची तयारी असू दे.

पावसाबद्दल मात्र जास्त सांगणार, कारण आपलं गाव पावसाचं आहे. ग्राउंड क्लिअरन्स नेक्सॉनचा २०८ मिलीमीटर सांगतात, थ्रीएक्सओचा २०१, ब्रेझाचा १९८, कायलाकचा १८९. हे रिकाम्या गाडीचे आकडे. पाच माणसं बसली की गाडी खाली दबते आणि पहिनेच्या बाजूच्या खड्ड्यात इंजिनाखालचा तेलाचा चेंबर लागतो. चेंबर फुटला तर तेल सांडतं, आणि तेल सांडलेलं इंजिन दोन मिनिटांत बसतं. म्हणून टायर उंच भिंतीचा असावा. वरच्या व्हेरिएंटची मोठी चकचकीत चाकं घेऊ नकोस. त्यांच्या पातळ टायरला खड्ड्यात फुगा येतो. मागच्या काचेला वायपर आणि वाफ घालवणाऱ्या तारा हव्यातच. घाटात धुकं उतरतं तेव्हा पाच माणसांच्या श्वासाने काचा दोन मिनिटांत पांढऱ्या होतात. मागे ट्रक आहे की नाही हेसुद्धा कळत नाही.

२०१६ च्या ऑगस्टमध्ये नाशिकला पूर आला, त्याच दिवसांत माझी गाडी एका मोरीवर गुडघाभर पाण्यात बंद पडली. मी घाईने पुन्हा स्टार्टर मारला. इंजिनात पाणी गेलं होतं, आतला रॉड वाकला. साध्या विम्यात हे बसत नाही असं विमावाल्यांनी सांगितलं. खर्च स्वतःच्या खिशातून केला, दोन महिन्यांची कमाई गेली. तेव्हा इंजिन प्रोटेक्टचा वेगळा हप्ता घे. आणि पाण्यात बंद पडली तर किल्लीला हात लावू नकोस, ढकलून बाहेर काढ. पुलावरून पाणी वाहत असेल तर गाडी वळव. शेत उद्याही तिथेच आहे.

उघडणारं छत पोरांना हवंय, मला कळतं. आपल्याकडे त्याच्या निचऱ्याच्या नळ्या पानांनी तुंबतात, टपावर माकडं बसतात, आणि पोरं डोकं बाहेर काढून उभी राहतात. त्यापेक्षा सहा एअरबॅग आहेत ना ते बघ. अपघातचाचणीचे तारे बघूनच पुढे जा. नेक्सॉनला २०१८ च्या डिसेंबरात ग्लोबल एनकॅपचे पाच तारे मिळाले. भारतात बनलेल्या गाडीला पहिल्यांदाच पाच मिळाले होते. आता आपल्याकडे भारत एनकॅप आहे. नेक्सॉन, थ्रीएक्सओ, कायलाक या तिन्हींना त्यात पाच आहेत. तिन्ही आपल्याच राज्यात बनतात, रांजणगावला, नाशिकला आणि चाकणला. पण तारे पट्टा लावणाऱ्यालाच कामी येतात. मागे बसलेल्यांनाही पट्टा, सासूबाईंनाही. चौदा वर्षांखालचं मूल मोकळं बसवलं तर हजार रुपये दंड आहे. दंडाची मला पर्वा नाही, पोरांची आहे.

नोंदणी व्हायच्या आधी गाडी यार्डात जाऊन बघ, नंतर हात बांधले जातात. टायरच्या भिंतीवर चार आकडी खूण असते, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. पाचही टायरचे आकडे जवळजवळचे हवेत. गाडी बनल्याचा महिना, काचेवरचे चरे, दारांच्या फटी, स्टेपनी, जॅक सगळं बघ. डिसेंबरात बनलेली गाडी जानेवारीत घेतलीस तर सूट मागून घे, विकताना ती एक वर्ष जुनी मोजली जाते. विमा शोरूममधूनच घ्यावा असं कुठे लिहिलेलं नाही, बाहेर दोन ठिकाणी विचार. रंग मात्र तुझ्या मनाचा. पांढरा उन्हाला बरा, पण इथे तो दोन महिने लालसर दिसेल.

रविवारी सकाळी सहाला मी निघतो. शोरूमवाल्याला आजच फोन कर, दोन गाड्या त्र्यंबकला आणायला सांग, आणि घाटात न्यायच्या आहेत हे आधीच कानावर घाल. सासूबाईंना सोबत घे, दोन्ही पोरांना घे, तांदळाचं एक पोतंही डिकीत टाक. तोरंगणच्या पहिल्या वळणापर्यंत मी चालवेन. तिथून पुढे तू चालव.