नव्या यंत्रांचे नखरे: देवळीच्या काउंटरवरून

देवळीसारख्या गावात नवी वस्तू आधी मोबाईलमधल्या व्हिडिओत येते, मग कुरिअरने कोणाच्या तरी घरी, आणि बिघडली की माझ्या काउंटरवर. वर्धा-यवतमाळ रस्त्यावरच्या या गावात मी मोबाईल आणि शेतीतल्या इलेक्ट्रॉनिक वस्तूंची दुरुस्ती करते. गळ्यात अडकवायचा पंखा, डास मारायची रॅकेट, डुकरांना ओरडणारा भोंगा, मिस कॉलवर चालणारी मोटर असे सगळे नमुने इथे येऊन जातात. एकीकडे पिन बदलत, दुसरीकडे गिऱ्हाइकाचे ऐकत जे समजले, ते क्रमाने मांडते.

१. वस्तू चमत्कारिक दिसते म्हणून तिला मोडीत काढू नये.

जपानच्या केन्जी कावाकामी यांनी चिंदोगु नावाखाली विचित्र शोधांचा एक खेळच मांडला. मांजराच्या पायांत घालायचे फरशी पुसणारे जोडे, बुटांवर बसवायच्या इवल्या छत्र्या, गोंदाच्या कांडीसारखी फिरवून वर येणारी लोण्याची कांडी. वापरता तर येतात, पण वापरणाऱ्याला लाज वाटावी अशा या वस्तू. १९९० च्या दशकात निघालेल्या त्यांच्या पुस्तकात याच पंगतीला एक काठी होती: टोकाला कॅमेरा लावून स्वतःचाच फोटो काढायची. तेव्हा लोक तिला हसले. आज ती सेल्फी स्टिक जत्रेतल्या खेळण्यांच्या दुकानात लटकलेली असते. कोणती वस्तू कधी कामाला येईल हे दुकानदाराला सांगता येत नाही. त्यामुळे कोणी काहीही घेऊन आले तरी मी आधी विचारते, "याचं करायचं काय आहे?" उत्तर पक्के असेल तर वस्तू कितीही विचित्र असो, तिला जागा आहे.

२. जनावरही शिकते.

रानडुक्कर आणि रोही यांच्यापायी आमच्याकडे हरभरा-सोयाबीनच्या दिवसांत जागलीला जावेच लागते. त्यावर उपाय म्हणून भोंगा आला. छोटा स्पीकर, बॅटरी, त्यात मेमरी कार्ड. माणसाने "हाड, हाड, हुर्र" असे ओरडून ठेवायचे आणि रात्रभर तेच वाजत राहते. पहिले काही दिवस डुकरे फिरकत नाहीत. मग एक काकाजी येतात आणि भोंगा काउंटरवर आपटून म्हणतात, "ताई, रातभर बोंबलते न थे, पण डुकरं आता त्याच्याच बाजूनं येऊन राह्यले."

यात भोंग्याचा दोष नाही. एकच आवाज, एकाच जागेवरून, एकाच अंतराने आला की त्यात धोका नाही हे जनावराला कळते. आता मी कार्डात आवाजांची मिसळ भरून देते: बाईचा आवाज, पोरांचा कल्ला, कुत्र्याचे भुंकणे, डबा बडवणे, मध्येच बराच वेळ शांतता. शिवाय सांगते, भोंगा दर दोन-चार रात्रींनी दुसऱ्या धुऱ्यावर न्या. एवढे केले तर तो बराच काळ उपयोगी पडतो. तरी जागली पूर्ण सुटत नाही, हेही आधीच सांगून टाकते.

३. झटका मशीन जमिनीवर चालते.

कुंपणाच्या तारेत झटका देणारे हे सोलर यंत्र विदर्भात घरोघरी माहीत आहे. ते साधारण सेकंदाला एकदा, काही हजार व्होल्टचा पण निमिषभराचा झटका सोडते. प्रवाह अगदी थोडा आणि क्षणभर, म्हणून जनावर दचकून मागे सरते, मरत नाही. "मशीन नवी हाय, पण झटकाच नाही लागत" ही तक्रार मात्र कायमची. मी मशीन उघडण्याआधी तीन गोष्टी विचारते. अर्थिंगचा रॉड किती खोल ठोकला? तारेला गवत टेकले आहे का? खांबावरचे इन्सुलेटर फुटलेत का? उन्हाळ्यात आमची काळी माती भेगाळते, रॉडभोवती पोकळी पडते आणि झटक्याचे वर्तुळच पूर्ण होत नाही. रॉडभोवती मीठ-कोळसा घालून पाणी ओतले की बहुतेक मशीन न उघडताच "दुरुस्त" होते.

यावर खर्च नको म्हणून काही जण घरच्या विजेची तार थेट कुंपणाला जोडतात. त्याला झटका म्हणत नाहीत, तो सापळा आहे. त्यात डुक्कर मरते तसा रात्री पाणी द्यायला निघालेला शेजारीही मरतो. असे काम मी कोणासाठीही करत नाही. तो गुन्हाही आहे.

४. एकाची सोय सगळ्यांना महागात पडू शकते.

शेतीच्या वाहिनीला थ्री फेज लाइन पाळीपाळीने, कधी दिवसा तर कधी रात्री मिळते. रात्री दोनला लाइन आली की अंधारात, विंचू-सापाच्या वाटेने मोटरीपर्यंत जायचे. म्हणून ऑटो स्विच निघाला. लाइन आली की मोटर आपोआप सुरू. वस्तू हुशार आणि स्वस्त. पण एका डीपीवरच्या, म्हणजे एका ट्रान्सफॉर्मरवरच्या सगळ्यांनी तो बसवला की लाइन येताक्षणी सगळ्या मोटरी एकदम उठतात. मोटर सुरू होताना नेहमीपेक्षा कितीतरी जास्त प्रवाह ओढते. तो सगळा भार एकाच क्षणी आला की व्होल्टेज पडते, मोटरी गुरगुरतात आणि डीपी जळते. मग ऐन ओलिताच्या दिवसांत सगळेच हात बांधून बसतात. ऑटो स्विच काढा आणि मोटरीला कपॅसिटर बसवा, असे महावितरण वारंवार सांगते ते यासाठीच. ज्यांना स्विच ठेवायचाच आहे त्यांना मी उशिराने चालू होणारा टायमर जोडून देते, आणि प्रत्येकाची वेळ वेगळी ठेवते. नवे यंत्र घेताना "माझं काम होते का" एवढेच न बघता "सगळ्यांनी घेतलं तर काय होईल" हेही बघावे, हा धडा मला या दोन इंचाच्या डबीने दिला.

५. सिम आहे तिथे रिचार्ज आहे.

मिस कॉलवर मोटर चालवायची कल्पना महाराष्ट्रातलीच. पुण्याचे अभियंता संतोष ओस्तवाल यांनी 'नॅनो गणेश' हे यंत्र काढले. त्यामागे त्यांच्या आजोबांची मोटर सुरू करायला होणारी पायपीट होती. २००९ साली या यंत्राला नोकियाच्या जागतिक स्पर्धेत पुरस्कार मिळाला. घरी बसून फोन लावायचा, मोटर सुरू. लाइन नसेल तर तसे फोनवरच कळते. अशा प्रकारचे स्टार्टर आता बरेच निघाले आहेत.

ते बंद पडण्याची कारणे बहुधा साधी असतात. यंत्रातल्या सिमवर कोणी बोलत नाही, म्हणून त्याचा रिचार्ज कोणाच्या लक्षात राहत नाही आणि सिम बंद पडते. दुसरे कारण याहून चमत्कारिक. स्वस्त यंत्रांत टू-जी मोडेम असतो आणि जिओचे जाळे टू-जीवर चालतच नाही. घरात सगळ्यांचे जिओ म्हणून मोटरीतही तेच सिम घातले जाते, आणि यंत्र मुके राहते. घेताना खोक्यावर टू-जी लिहिले आहे की फोर-जी, ते वाचावे. नाहीतर यंत्र घेतल्यावर सिमसाठी फिरावे लागते.

६. ज्या ॲपला नेट लागत नाही ते ॲप आपले.

"वावरात गेल्यावर टावरच नाही राहत" हे आमच्याकडचे खरे वाक्य. म्हणून मी नेटशिवाय काय चालते ते आधी पाहते. 'व्हेअर इज माय ट्रेन' हे बेंगळुरूच्या सिग्मॉइड लॅब्सचे ॲप, जे पुढे २०१८ मध्ये गुगलने विकत घेतले, ते गाडीत बसलेल्याला नेट नसतानाही टॉवरच्या खुणांवरून गाडी कुठे पोचली ते सांगते. वर्धा-यवतमाळ-नांदेड मार्गाचा वर्धा ते कळंब हा टप्पा २८ फेब्रुवारी २०२४ ला सुरू झाला आणि देवळीच्या नकाशावर रेल्वे आली, तेव्हापासून हे ॲप आमच्याकडेही विचारले जाते.

ई-पीक पाहणीचेही तसेच. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर शेतकऱ्याने स्वतः पिकाचा फोटो काढून नोंद करायची पद्धत आली. फोटो वावरातच काढावा लागतो, कारण ठिकाण तपासले जाते. पण माहिती पाठवायचे काम टॉवर असलेल्या ठिकाणी येऊन करता येते. दुसरे म्हणजे शेवटच्या तारखेची वाट पाहू नये. शेवटच्या दिवसांत सगळ्या जिल्ह्यांची गर्दी एकाच दारात असते.

७. आकाश दाखवणारी ॲप वेगवेगळ्या कामाची असतात.

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेचे 'दामिनी' हे ॲप आसपास वीज पडण्याची शक्यता सांगते. कापसाचे सपाट रान, आडोसा नाही, अशा ठिकाणी त्याचा इशारा मोलाचा. फोनमधले लोकेशन बंद असेल तर मात्र ते गप्प बसते. इशारा आला की झाडाखाली उभे राहू नका, पक्क्या घराकडे निघा.

'विंडी' हे चेक देशातले संकेतस्थळ वाऱ्याचे रंगीत झोत दाखवते. पोरे ते गंमत म्हणून पाहतात. मी फवारणीवाल्यांना दाखवते. २०१७ च्या पावसाळ्यात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. माणसाच्या डोक्यापर्यंत वाढलेली पऱ्हाटी आणि बारीक धुके उडवणारे जोरदार पंप, या दोहोंची चर्चा तेव्हा घराघरांत झाली. वारा कधी पडेल आणि कोणत्या दिशेने असेल हे आदल्या रात्री समजले तर फवारणी कोणत्या धुऱ्यापासून सुरू करायची ते ठरवता येते. तोंडावरचा मास्क आणि हातातले मोजे मात्र कोणतेही ॲप घालून देत नाही.

८. फोटोला जे दिसत नाही ते हाताने बघावे.

पानाचा फोटो काढा, रोग सांगतो, अशी ॲप आली आहेत. पानावरच्या डागांसाठी ती बरी. पण आमचा खरा वैरी गुलाबी बोंडअळी. ती बोंडाच्या आत असते. कॅमेऱ्याला हिरवे, टवटवीत बोंड दिसते आणि आत सरकी पोखरलेली असते. फुलाची पाकळ्या न उघडणारी डोमकळी दिसली तर ती अळीची खूण. नाहीतर बोंड फोडूनच पाहावे लागते.

इथे सर्वांत कामाची वस्तू म्हणजे कामगंध सापळा. प्लास्टिकचे नरसाळे, आत मादीच्या वासाची गोळी, खाली पिशवी. हेक्टरी पाच लावायचे आणि रोज पतंग मोजायचे. सलग तीन रात्री प्रत्येक सापळ्यात आठ किंवा त्याहून जास्त पतंग आले तर उपायाची वेळ झाली. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेने आता यात कॅमेरा बसवून पतंग मोजणारा सापळाही तयार केला आहे. तो येईल तेव्हा येईल. वही आणि पेन्सिल आजही आहे.

९. निव्वळ गमतीलाही जागा ठेवावी.

दुकानात दुपारी गिऱ्हाईक नसते तेव्हा मी 'रेडिओ गार्डन' उघडते. पृथ्वीचा गोल फिरवायचा आणि जिथे बोट ठेवू तिथला रेडिओ ऐकायचा. कॉर्नेल विद्यापीठाचे 'मर्लिन' पक्ष्याच्या आवाजावरून त्याचे नाव सुचवते. पेरणीच्या तोंडावर पावशा ओरडू लागला की शाळेतली पोरे फोन पुढे करून उभी राहतात. आजीने आधीच सांगितलेले नाव फोनने सांगितले की त्यांना दुप्पट आनंद होतो. याने पीक वाढत नाही, पण कान वाढतो.

१०. जुनी जाहिरात अजून कामाची आहे.

१९२९ साली अखिल भारतीय चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचे बक्षीस लावले. अटी वाचण्यासारख्या आहेत. यंत्र हलके हवे, खेड्यातल्या घरात हाताने किंवा पायाने चालावे, बाईला ते आठ तास फार न थकता चालवता यावे, किंमत दीडशे रुपयांच्या वर नसावी, वीस वर्षे टिकावे, आणि वर्षाचा सुट्या भागांचा खर्च किमतीच्या पाच टक्क्यांच्या आत असावा. किर्लोस्करवाडीत तयार झालेले यंत्रही या परीक्षेला आले होते. बक्षीस कोणालाच मिळाले नाही. वर्ध्याचे मगन संग्रहालय, ज्याचे उद्घाटन ३० डिसेंबर १९३८ रोजी गांधीजींनी केले, तिथे चरख्यांचे किती प्रकार होऊन गेले ते आजही बघता येते. त्यात पेटीत मावणारा येरवडा चरखाही आहे, त्या काळातले नवलच ते.

त्या अटींत दिसणे नाही, जाहिरात नाही. वापरणाऱ्याची ताकद, खिसा आणि दुरुस्ती आहे. माझ्या काउंटरवर येणाऱ्या बहुतेक वस्तू शेवटच्या अटीवर नापास होतात. सुटा भाग मिळत नाही, खोके चिकटवून बंद केलेले असते, आणि कंपनीचा फोन लागत नाही.

तेव्हा पुढची वस्तू मागवण्याआधी चार प्रश्न विचारा. हिने कोणाचे कोणते काम हलके होणार? टॉवर आणि लाइन नसताना ही काय करते? शेजाऱ्याला हिचा त्रास होतो का? आणि बिघडली तर देवळीत किंवा फार तर वर्ध्यात दुरुस्त होते का? चारांपैकी तीन उत्तरे मनासारखी मिळाली आणि त्यांत शेवटचे असले, तर बेधडक घ्या. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर मिळाले नाही तर पैसे खिशातच ठेवा, कारण बिघडलेली वस्तू घेऊन तुम्ही माझ्याकडेच येणार, आणि सुटा भाग माझ्याकडेही नसणार.