अळवावरचे पाणी आणि फवारणीतील पॉलिमर तंतू

‘अळवावरच्या पाण्या’चा प्रत्यय फवारणीत नेहमी येतो. अळू, कोबी व कांदा यांच्या पानांवर मेणाचा सूक्ष्म, खडबडीत थर असतो. त्यावर आदळलेला थेंब क्षणभर पसरतो, आकसतो आणि उसळून निसटतो. औषध मातीत जाते.

पाण्यात लिटरला सुमारे ०.१ ग्रॅम पॉलिएथिलीन ऑक्साइड मिसळल्यास ही उसळी दबते, असे २००० साली ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसून आले. पॉलिमरच्या लांब साखळ्या थेंबाच्या पसरण्यास फारशा आड येत नाहीत. मात्र थेंब आकसू लागताच त्याच्या कडेला द्रवाचे बारीक तंतू ताणले जातात. त्यांची टोके पृष्ठभागाच्या उंचवट्यांना धरून राहतात व थेंबाची माघार मंदावते. स्प्रेडरचे कार्य निराळे आहे. तो पृष्ठताण कमी करून थेंब पसरवितो.

पॉलिमरचे प्रमाण वाढविणे हितावह नाही. थेंब मोठे होऊन त्यांची संख्या घटते आणि पानाचा बराच भाग कोरडा राहतो. द्रावण पंपातून वारंवार फिरल्यास साखळ्या तुटून गुण ओसरतो. म्हणून लेबलवरील मात्राच वापरावी आणि मोजक्या पानांवर फवारून थेंब टिकतो का, हे आधी पाहावे.