गाडीत माणसं किती?

मिनेसोटातल्या भाच्याने मासेमारीची बोट घ्यायचं ठरवलंय आणि ती ओढायला एक ऐसपैस मिनीव्हॅनही पसंत केलीय, ही बातमी मिशिगनच्या मामांना ताईच्या फोनवरून कळली. ताई उन्हाळाभर मुलाकडे राहायला आली आहे. 'विकणारा म्हणाला, आरामात ओढेल,' असं ती सहज बोलून गेली आणि त्या वाक्याने मामांची झोप उडाली. डेट्रॉइटच्या मोटार उद्योगात त्यांची सगळी नोकरी ब्रेकच्या चाचण्या घेण्यात गेली आहे. तरी त्यांनी भाच्याला फोन लावला नाही, कागद पुढे ओढला. फोनवर तो 'हो मामा, हो मामा' म्हणतो आणि करायचं तेच करतो, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे.

'चि. बाळ यास अनेक आशीर्वाद' एवढं लिहून झाल्यावर पत्रात थेट प्रश्नच येतो: गाडीत माणसं किती बसणार?

मामांचा जीव या प्रश्नापाशी अडकलाय, त्याला कारण आहे. गाडी किती पौंड ओढेल याचा जो आकडा जाहिरातीत छापतात, तो बहुतेक कंपन्या आता 'एसएई जे २८०७' या मानकानुसार काढतात. त्यातली चढाची कसोटी ॲरिझोनातल्या डेव्हिस डॅमच्या घाटावरची आहे. एसी पूर्ण चालू ठेवून, मागे वजन लावून सुमारे ११ मैलांचा चढ गाडीने ठरलेल्या वेगाच्या खाली न येता पार करायचा. कसोटी कडक आहे, मामांना तिच्याबद्दल आदर आहे. पण या हिशोबात गाडीत ड्रायव्हर आणि एक प्रवासी, प्रत्येकी १५० पौंडांचा, एवढीच माणसं धरलेली असतात. भाच्याच्या गाडीत तो, सूनबाई, दोन्ही मुलं, ताई आणि भाऊजी असे सहा जण बसणार आहेत. जाहिरातीतला आकडा या सहा जणांसाठी काढलेलाच नाही.

मग मामा गाड्यांकडे वळतात. टोयोटा सिएना आणि होंडा ओडिसी या मिनीव्हॅनची ओढण्याची मर्यादा ३,५०० पौंड, म्हणजे सुमारे १,५९० किलो आहे. क्रायस्लर पॅसिफिकाच्या पेट्रोल मॉडेलची, योग्य टो पॅकेज असेल तर, ३,६०० पौंड. पण त्याच पॅसिफिकाच्या प्लग-इन हायब्रिडने ट्रेलर ओढू नये, असं कंपनीचं माहितीपुस्तकच सांगतं. नाव तेच, बाहेरचा आकारही जवळपास तोच. ताई फोनवर म्हणाली होती, 'विजेवर पण चालते आणि पेट्रोलवर पण.' मामांच्या छातीत धस्स झालं ते इथे. सिएनाही २०२१ पासून फक्त हायब्रिडच मिळते आणि तरी ती ३,५०० पौंड ओढते, त्यामुळे हायब्रिड म्हणजे वाईट असं ते म्हणत नाहीत. नेमकी कोणती गाडी, कोणतं इंजिन, कोणतं वर्ष, आणि तिच्या पुस्तकात काय छापलंय, एवढं त्यांना कळवावं. होंडा पायलटचंही तसंच आहे: फक्त पुढची चाकं ओढणारी असेल तर ३,५०० पौंड, चारही चाकं ओढणारी असेल तर ५,०००. टोयोटा हायलँडर पेट्रोलवरची घेतली तर ५,०००, हायब्रिड घेतली तर ३,५००.

यापुढे पत्राचा सूर चढतो. भाच्याने बोटीचं वजन 'तेराशे पौंड' असं आईला सांगितलं होतं. इंजिनिअर माणूस असं बोलतो कसा, असं मामांनी विचारलंय आणि खाली चक्क बेरीज मांडलीय. १७ फुटी ॲल्युमिनियमच्या बोटीचा नुसता सांगाडा १,३०० पौंड. त्यावर ९० हॉर्सपॉवरचं इंजिन ३६०. ट्रेलर ६००. वीस गॅलन पेट्रोल, गॅलनला सहा पौंडांप्रमाणे, १२०. तीन बॅटऱ्या १५०. नांगर, लाइफ जॅकेट, गळ, बर्फाची पेटी, दोरखंड मिळून २००. एकूण २,७३० पौंड. सांगितलं त्याच्या दुपटीहून जास्त! आणि ही बेरीजही अंदाजाची. खरं वजन हायवेच्या ट्रक स्टॉपवरच्या काट्यावर थोड्या डॉलरांत कळतं, तिथे गाडी आणि ट्रेलर भरल्या अवस्थेत न्यावा, असा त्यांचा हुकूम आहे.

२,७३० म्हणजे ३,५०० च्या आतच की, असं भाचा म्हणेल, हे मामांना माहीत आहे. म्हणून ते पुन्हा मूळ प्रश्नावर येतात. माणसं किती?

ड्रायव्हरचं दार उघडलं की चौकटीवर एक पांढरा-पिवळा स्टिकर दिसतो. माणसं आणि सामान मिळून किती वजन चालेल, हे त्यावर लिहिलेलं असतं. समजा, तो आकडा १,२०० पौंड आहे. सहा जणांचे मिळून ८२० धरले, बॅगा आणि खाण्याचं सामान १५०, आणि ट्रेलरचा जो भार गाडीमागच्या जोडणीच्या, म्हणजे हिचच्या, गोळ्यावर खाली दाबतो तो एकूण वजनाच्या १० टक्के म्हणजे २७३. झाले १,२४३. बोट मर्यादेत आहे आणि गाडी मर्यादेबाहेर गेली. हिचवरचा भार कमी करावा म्हणून बोट ट्रेलरवर मागे सरकवली, तर ट्रेलर हायवेवर शेपटासारखा डावीउजवीकडे हलायला लागतो. तसं झालं तर ब्रेक दाबू नये, स्टिअरिंग सरळ धरून ॲक्सिलरेटरवरून पाय हळूहळू काढावा. हे वाक्य मामांनी दोनदा अधोरेखित केलंय.

ताईला लेक सुपीरियर बघायचाय, म्हणजे एक फेरी डुलुथला होणारच. आय-३५ हायवे तिथे थॉम्प्सन हिलवरून एकदम खाली सरोवराकडे उतरतो. भरलेली गाडी, मागे सव्वा टनाची बोट आणि तो उतार, हे चित्र मामांच्या डोळ्यांपुढून हलत नाही. उतारावर ब्रेक सतत दाबून धरले की तापतात, आणि तापलेले ब्रेक पकड सोडतात. चाचणीच्या मैदानावर त्यांनी ते पुष्कळदा पाहिलंय. म्हणून गिअर आधीच खालचा टाकायचा. मिनेसोटाचा कायदा ३,००० पौंड आणि त्यावरच्या ट्रेलरला स्वतःचे ब्रेक सक्तीचे करतो; गाड्यांच्या माहितीपुस्तकांत मात्र त्याहून बऱ्याच कमी वजनालाही ते मागितलेले असतात. बोटीच्या ट्रेलरला सर्ज ब्रेक मिळतात: गाडी हळू झाली की ट्रेलर पुढे रेटतो, त्या दाबानेच त्याचे ब्रेक लागतात. ते बसवून घ्यायचेच, यावर चर्चा नाही.

धक्क्यावरच्या गोष्टी मामांनी भराभर उरकल्यात. ओल्या, शेवाळलेल्या रॅम्पवर पुढच्या चाकांनी चालणारी गाडी बोट वर ओढताना घसरू शकते. ट्रेलरची तापलेली चाकं थंड पाण्यात गेली की बेअरिंगमध्ये पाणी शिरतं, म्हणून आधी जरा थांबावं. सरोवरातून निघताना बोटीतलं पाणी काढून बूच उघडं ठेवूनच रस्त्याला लागावं. झेब्रा शिंपले एका सरोवरातून दुसऱ्यात जाऊ नयेत म्हणून मिनेसोटात तसा कायदाच आहे.

एवढं रागावून झाल्यावर पत्रात अक्षर जरा मोठं आणि सैल होतं. ऐंशीच्या दशकात आजोबा मालवणहून एकदाच डेट्रॉइटला आले होते. त्यांचा जन्म समुद्राकाठी गेलेला. घराजवळचं तळं बघून त्यांनी विचारलं होतं, इथे होडी मिळते का? मामा तेव्हा शनिवार-रविवारही कामावर जायचे. पुढच्या उन्हाळ्यात जाऊ, असं ते म्हणाले. आजोबा पुन्हा आले नाहीत. रापणीत दोर ओढणाऱ्या त्या हातांत इथल्या गोड्या पाण्यातला एक मासा तरी यायला हवा होता, असं मामांनी लिहिलंय. ताईला हे आजवर कधी सांगितलेलं नाही, म्हणून हा भाग तिला वाचून दाखवू नये, अशी विनंतीही केलीय.

त्यामुळे बोट घेऊ नकोस, असं पत्रात कुठेच नाही. बोट घ्यावीच. मिनीव्हॅनच ठेवायची असेल तर सिएना आणि १४ फुटी साधी बोट घ्यावी. लहान इंजिनासह तिचं सगळं वजन हजार पौंडांच्या आसपास बसतं आणि काळजी मिटते. १७ फुटीच हवी असेल तर तीन रांगांची, ५,००० पौंडवाली गाडी, कारखान्यातूनच टो पॅकेज बसवलेली, आणि दारावरचा स्टिकर वाचून मगच सही. एकाच मॉडेलच्या दोन गाड्यांवर तो आकडा वेगळा असू शकतो. काचेचं छत आणि मोठी चाकं त्यातूनच वजा होतात. बोटीवरही किती माणसं आणि किती पौंड चालतील याची पाटी असते. सगळे एकदम मावले नाहीत तर दोन फेऱ्या कराव्यात. पहिल्या फेरीत ताई आणि नातवंडं.

गाडीचे पैसे भरून झाले असतील तरी भाच्याने मनाला लावून घेऊ नये. घाबरून लपवू तर मुळीच नये. बोट या वर्षी भाड्याने घेता येईल. मिल लॅक्स सरोवराच्या काठी तशा मिळतात. सर्ज ब्रेकचा खर्च मामांचा, त्यावर वाद घालायचा नाही. ट्रेलर मागे घ्यायला शिकवायला ते स्वतः येतील, रिकाम्या पार्किंगमध्ये, मुलं शाळेत असताना, म्हणजे चुकलं तरी कोणी बघणार नाही.

शेवटच्या ओळी समासात आडव्या लिहिल्यात. ताईला गाडी लागते, तिला पुढे बसवावं, खिडकी थोडी उघडी ठेवावी. वॉलआय मासे रव्यात घोळवून तळले तर ती खाईल, तिरफळं मामी पाठवतेय. आणि स्टिकरवरचा आकडा कळला की रात्री कितीही वाजता फोन करावा, मामा जागेच असतील.